ग्रंथ आपला, की दुकानदाराचा?



सहा डिसेंबरला दादरला जाऊन आलेला आपला माणूस घरी काय घेऊन येतो? पिशवीत दुसरे काही असो वा नसो, दोन-चार पुस्तके असतातच. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही तेच दृश्य. दिवसभर उभ्याने काम करणारा मजूर, झाडूकाम करणारी ताई, एस.टी.तला कामगार असे सगळे स्टॉलपुढे वाकून पुस्तके चाळतात, खिशातले पैसे मोजतात आणि एखादे तरी विकत घेतात. ते पुस्तक मग घरातल्या फळीवर बसते. शेजारी वाचायला नेतो, मुलगी परीक्षेच्या भाषणासाठी उतारे काढते, आणि वीस वर्षांनी त्याची पाने पिवळी पडली तरी ते आपलेच असते.

हे सांगण्याचे कारण येरमाळ्याहून आलेला एक प्रश्न. एक भगिनी विचारतात, "आमचे मालक हायवेवरच्या गॅरेजात कामाला आहेत. मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मोबाईलवर वाचून तिचे डोळे दुखतात, आणि मोबाईल हातात घेतला की अभ्यास बाजूला राहतो. पुस्तके वाचण्याचे वेगळे यंत्र मिळते म्हणतात. घ्यावे का? कोणते घ्यावे? पैसे वर्षभर साठवलेले आहेत, म्हणून विचारते."

प्रश्न एका घरचा असला तरी आज तो कळंबला, बार्शीला, धाराशिवला आणि मुंबईच्या चाळीतही विचारला जातो. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

या यंत्राला ई-रीडर म्हणतात. दिसायला पातळ पाटीसारखे असते. त्याचा पडदा मोबाईलसारखा लखलखत नाही. त्यात काळ्या आणि पांढऱ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. वीज दिली की ते वर-खाली होतात आणि अक्षर उमटते. एकदा पान उमटले की ते तसेच ठेवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच लागते. म्हणून एकदा चार्ज केले की ते कित्येक दिवस, कधी कधी आठवडे चालते. जिथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे हा मोठाच फायदा. उन्हात अंगणात बसूनही कागदासारखे स्वच्छ वाचता येते. शेकडो पुस्तके एकात मावतात. त्यावर व्हॉट्सअॅप वाजत नाही, हा अभ्यास करणाऱ्या मुलीसाठी आणखी एक फायदा.

इथपर्यंत सगळे चांगले. आता दुसरी बाजू पाहू, कारण जाहिरातीत ती कोणी सांगत नाही.

स्टॉलवर वीस रुपये दिले की पुस्तक आपले होते. ते आपण उसने देऊ शकतो, विहाराच्या वाचनालयाला देऊ शकतो, मुलांच्या नावे ठेवून जाऊ शकतो. बाबासाहेबांच्या संग्रहातील ग्रंथ पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांपुढे आले. हे घडू शकले, कारण ते ग्रंथ विकत घेतलेले, स्वतःच्या मालकीचे होते.

ई-पुस्तकाचे तसे नाही. अॅमेझॉनच्या किंडल दुकानाच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले आहे की हा मजकूर विकला जात नाही, वापरण्याची परवानगी दिली जाते. म्हणजे पैसे पुस्तकाएवढे देऊन आपल्याला मिळतो तो वाचण्याचा परवाना. परवाना दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने यावर २०२४ मध्ये कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या दुकानदाराला, तुम्ही फक्त परवाना घेत आहात हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगितल्याशिवाय अशा मालावर "विकत घ्या" असे लिहिता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. तेव्हा आपणच डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

परवाना आणि मालकी यांत फरक काय पडतो, असे कोणी म्हणेल. जुलै २००९ मधली गोष्ट ऐका. अॅमेझॉनने लोकांच्या यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेल या लेखकाची दोन पुस्तके परस्पर पुसून टाकली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, पण पुस्तक रात्रीतून नाहीसे झाले. त्यातले एक पुस्तक "१९८४" हे होते. सत्ता जुने कागद नष्ट करून इतिहास बदलते, हाच त्याचा विषय! मिशिगन राज्यातल्या एका शाळकरी मुलाने त्या पुस्तकावर अभ्यासाची टिपणे केली होती. पुस्तक गेले आणि टिपणे निरर्थक झाली. त्याने दावा लावला आणि कंपनीला दीड लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. परंतु असे करता येते, हे त्या दिवशी जगाला कळले.

मायक्रोसॉफ्टने २०१९ च्या एप्रिलमध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. जुलैपासून विकत घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. आणि २६ फेब्रुवारी २०२५ रोजी अॅमेझॉनने, विकत घेतलेले किंडल पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची जुनी सोय काढून टाकली. ज्यांनी वर्षानुवर्षे आपल्या प्रती जपून ठेवल्या होत्या, त्यांचा तो मार्ग बंद झाला.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी त्याचे संपादन केले. चौथा खंड १९८७ मध्ये आला, त्यात "रिडल्स इन हिंदुइझम" होते. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्यावरील प्रकरणावरून वादळ उठले. ते काढून टाका, अशी मागणी झाली. त्याविरुद्ध १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी मजकूर राहिला, शासनाचा खुलासा करणारी तळटीप त्याला जोडली गेली. ज्यांच्या वयाला ते दिवस आठवतात त्यांना विचारा.

त्या वेळी ज्यांच्या घरी खंड पोहोचला होता, त्यांच्या फळीवरून तो उचलून नेणे कोणालाही शक्य नव्हते. छापील प्रत हीच त्या ग्रंथाची राखणदार होती. उद्या असाच वाद उठला आणि तो ग्रंथ फक्त एका कंपनीच्या कुलपात, तिच्या परवान्यावर असेल, तर मोर्चा निघण्याआधीच तो आपल्या यंत्रातून गेलेला असेल. म्हणून ग्रंथ कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न आपल्यासाठी शोभेचा नाही.

दुसरा प्रश्न खाजगीपणाचा. छापील पुस्तक आपण कुठपर्यंत वाचले हे कोणाला कळत नाही. ई-रीडर इंटरनेटला जोडलेला असला की दुकान चालवणाऱ्या कंपनीकडे नोंद होते: कोणते पुस्तक उघडले, किती पाने वाचली, कोणत्या ओळीखाली रेघ ओढली, कुठे थांबले. "या ओळीवर इतक्या जणांनी खूण केली" असे किंडल दाखवते, ते याच नोंदींतून. ऑक्टोबर २०१४ मध्ये अॅडोबी कंपनीचे पुस्तक वाचण्याचे एक सॉफ्टवेअर वाचकांची अशी माहिती उघड्या स्वरूपात इंटरनेटवरून पाठवत असल्याचे उघडकीस आले होते. म्हणजे वाटेत कोणीही ती वाचू शकत होते.

"आपल्याला काय लपवायचे आहे?" असे काही दादा म्हणतील. लपवायचे नसले तरी वाचन ही आपली स्वतःची गोष्ट आहे. बाईच्या आजारावर पुस्तक वाचणारी ताई, घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा वाचणारी सून, युनियनवर वाचणारा कामगार, अॅट्रॉसिटी कायदा समजून घेणारा तरुण यांच्या वाचनाची यादी दुसऱ्याच्या हातात का असावी? ज्या समाजाला अक्षराच्या जवळ येण्याचीच बंदी होती, त्या समाजाला हे समजावून सांगायला नको. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. हक्क राज्यघटनेने दिला आहे. तो जपण्याची सवय घरात लावून घेणे आपल्या हातात आहे.

तेव्हा यंत्र निवडताना काय पाहावे?

पहिले म्हणजे बाहेरचे पुस्तक त्यात सहज घालता येते का. ई-पुस्तकांचा सर्वत्र चालणारा प्रकार म्हणजे ईपब. दुसरा पीडीएफ. कोबो आणि पॉकेटबुक या कंपन्यांच्या यंत्रांत केबल लावून पेन ड्राइव्हप्रमाणे ईपब फाइल टाकता येते. किंडलमध्ये केबलने ईपब टाकले तर ते उघडत नाही. ते अॅमेझॉनच्या सेवेतून पाठवावे लागते, म्हणजे तुमचे पुस्तक आधी त्यांच्या संगणकावर जाते. किंवा संगणकावर रूपांतर करून घालावे लागते.

दुसरे, खाते काढल्याशिवाय ते चालते का. पॉकेटबुक खात्याविना वापरता येते. किंडलच्या दुकानाला अॅमेझॉनचे खाते लागतेच. कोणतेही यंत्र असो, पुस्तके भरून झाली की वाय-फाय बंद ठेवावे. त्याला विमान मोड म्हणतात. यंत्र जोडलेलेच नसेल तर नोंद बाहेर जात नाही आणि बाहेरून कोणी काही पुसतही नाही. एवढी एक सवय अर्धे काम करते.

तिसरे, मराठी नीट दिसते का. ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. किंडलवर मराठी पुस्तकांची सोय २०१६ च्या डिसेंबरपासून आली. इतर यंत्रांवर कधी कधी जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. घेण्याआधी एखादे मराठी पुस्तक उघडून "क्ष", "ज्ञ", "ऱ्या", "र्य" ही अक्षरे पाहा. बिघडत असतील तर आपला देवनागरी टंक घालता येतो का ते विचारा. नोटो, मुक्त असे टंक फुकट मिळतात.

चौथे, पडद्याचा आकार. बहुतेक यंत्रे सहा-सात इंची असतात. कादंबरीला ती पुरतात. पण बाबासाहेबांचे खंड पीडीएफमध्ये मिळतात, त्यांची पाने ठरलेल्या मापाची असतात. त्यातले अक्षर सहज मोठे करता येत नाही, पानच ताणावे लागते. सहा इंची पडद्यावर ते बारीक दिसते. यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचावे, नाहीतर मोठ्या पडद्याचे यंत्र घ्यावे, आणि ते महाग पडते. मुलीचे अभ्यासाचे साहित्य बहुतांशी पीडीएफ असेल तर हा विचार सर्वात आधी करा.

पाचवे, दुरुस्ती. कोबोने २०२४ मध्ये आपल्या काही यंत्रांचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती लोकांना मिळेल अशी व्यवस्था केली, ही चांगली गोष्ट. तरीही कोबो किंवा पॉकेटबुक घेताना आपल्या देशात हमी मिळते का, बिघडले तर कोण पाहील, हे आधी लेखी विचारून घ्या. पडदा फुटला तर नवीन घेण्याएवढा खर्च येतो. गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला सुट्या भागांचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

बाजारात अँड्रॉइडवर चालणारे ई-रीडरही आहेत. बूक्स हे त्यांतले परिचित नाव. त्यात वाटेल ते अॅप घालता येते, पण मग मोबाईलचे सगळे धोकेही त्यात येतात. अभ्यासासाठी घेत असाल तर साधे यंत्र बरे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. यंत्र न घेताही यातले बरेचसे साधते. घरात अँड्रॉइड मोबाईल असेल तर त्यात केओरीडर हे मोफत अॅप घालता येते. एफ-ड्रॉइड नावाच्या मोफत भांडारात ते मिळते. त्याला खाते लागत नाही, त्यात जाहिरात नाही. अक्षर मोठे करा, उजेड कमी करा, डेटा बंद करा आणि महिनाभर रोज तासभर वाचून पाहा. महिन्याने मुलगी म्हणाली, "आई, वाचन जमते पण डोळे थकतात," तर यंत्र घ्यायला हरकत नाही. वाचनच झाले नाही, तर वर्षभराची बचत वाचली असे समजा.

संगणकासाठी कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. कोविद गोयल या भारतीय तज्ज्ञाने ते तयार केले आणि जगभर ते वापरतात. पुस्तकांची यादी ठेवणे, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणे, यंत्रात भरणे ही कामे ते करते. घरी संगणक नसेल तर ओळखीच्या केंद्रावर किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडून हे काम तासाभरात होते. मात्र आपल्या पुस्तकांची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवायला विसरू नका. ज्याची प्रत आपल्या हातात, तो त्या पुस्तकाचा धनी.

आणि पुस्तके कुठून आणायची? बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरचा स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे त्यांच्या निधनानंतरच्या साठ वर्षांनी, म्हणजे १ जानेवारी २०१७ पासून संपला. ते ग्रंथ आता साऱ्या जनतेचे आहेत. निधनानंतर प्रथम छापलेल्या लेखनाची साठ वर्षे छपाईच्या सालापासून मोजतात. "बुद्ध अँड हिज धम्म" १९५७ मध्ये आला, तोही आता मुक्त आहे. अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा वेगळा असतो, हे ध्यानात ठेवा. शासनाचे इंग्रजी खंड इंटरनेटवर पीडीएफमध्ये विनामूल्य मिळतात. छापील खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती. छापील खंडाची वाट पाहणाऱ्यांना तोवर पीडीएफचा आधार आहे. पण छापील प्रतींची मागणी आपण सोडता कामा नये.

याशिवाय मराठी विकिस्रोतावर महात्मा फुल्यांसारख्या लेखकांची हक्कमुक्त पुस्तके आहेत. ती ईपबमध्ये उतरवून घेता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तके फुकट मिळतात. यांना कुलूप नाही, नोंदवही नाही. नवीन लेखकांची पुस्तके मात्र पैसे देऊनच घ्या. आपले लेखक-प्रकाशक लहान आहेत, त्यांची पुस्तके चोरून उतरवणे म्हणजे आपल्याच माणसाच्या पोटावर पाय. शक्य असेल तिथे प्रकाशकाला विचारा, "दादा, कुलूप नसलेली फाइल विकता का?" चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या वेळी तो विचार करतो.

येरमाळ्याच्या ताईंना आमचे थोडक्यात सांगणे असे. आधी महिनाभर मोबाईलवर मोफत अॅप वापरून पाहा. यंत्र घ्यायचेच झाले तर ईपब केबलने घेणारे, खात्याविना चालणारे, मराठी शुद्ध दाखवणारे घ्या. ज्याला किंडल स्वस्तात किंवा भेट म्हणून मिळाले असेल त्यानेही ते टाकून देऊ नये. मोफत पुस्तके भरावीत, वाय-फाय बंद ठेवावे, आणि जे ग्रंथ जन्मभर जपायचे आहेत ते त्या दुकानातून घेऊ नयेत.

असे ग्रंथ मात्र कागदावरच घ्या. घरात मूल असेल तर निदान दहा छापील पुस्तके हवीत. त्यात राज्यघटना असावी, "भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म" असावा. मुलगी परीक्षा पास होऊन नोकरीला बाहेरगावी गेली, की यंत्र तिच्याबरोबर जाईल. फळीवरची पुस्तके धाकट्यासाठी आणि गल्लीतल्या पोरांसाठी घरी राहतील. ती मागायला येणाऱ्याला कोणाचा पासवर्ड लागणार नाही.